दम मारो दम (चित्रपट)

दम मारो दम : गोव्यातील अमली पदार्थांच्या व्यापारावरचा हिंदी गुन्हेपट. प्रदर्शन २२ एप्रिल २०११. दिग्दर्शक रोहन सिप्पी, निर्माते रमेश सिप्पी, लेखन श्रीधर राघवन, छायालेखन अमित रॉय, संगीत प्रीतम, गीते जयदीप साहनी, वितरण फॉक्स स्टार स्टुडिओज. प्रमुख भूमिका : अभिषेक बच्चन (सहायक पोलिस आयुक्त विष्णू कामत), राणा दग्गुबाती (डीजे जोकी), बिपाशा बासू (झोई), प्रतीक बब्बर (लॉरी), आदित्य पंचोली (लॉर्सा बिस्कुटा ऊर्फ ‘बिस्किट’), गोविंद नामदेव (राणे), गुलशन देवय्या (रिकी), अनैता नायर (तानी). कामतच्या पत्नीच्या छोट्या भूमिकेत विद्या बालन. याच नावाच्या १९७१ मधील गाण्याशी चित्रपटाची गल्लत होते. त्या गाण्याविषयी पुढे पाहावे.

कथानक : लॉरी हा कॉलेजात शिकणारा मुलगा. मैत्रीण तानी हिला अमेरिकेत शिकायला जायचे आहे. त्यालाही जायचे आहे, पण शिष्यवृत्ती हुकते. रिकीच्या ओळखीने पैशांचा एक सोपा मार्ग समोर येतो : सामानातून थोडा माल पलीकडे न्यायचा. विमानतळावर तो कामतच्या हाती सापडतो. हा कामत पूर्वी लाच खाणारा अधिकारी होता. पत्नी आणि मुलगा अपघातात गेल्यावर तो बदलला आहे आणि राज्यातील अमली पदार्थांचा धंदा मोडून काढण्याचे काम आता त्याच्याकडे आले आहे. धंद्याचा सूत्रधार बिस्किट हा वरकरणी प्रतिष्ठित उद्योजक. जोकी हा लॉरीच्या घरोब्याचा, त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही देत कामतपर्यंत जाणारा संगीतकार. झोई ही पूर्वी जोकीची आणि आता बिस्किटच्या घरात राहणारी. तपासात पुढे येणाऱ्या ‘बार्बोसा’ या नावामागे कोण आहे, या प्रश्नावर उत्तरार्ध उभा आहे. त्याचे उत्तर येथे दिलेले नाही.

झोईची पूर्वकथा पडद्यावर फार वेळ घेत नाही, परंतु चित्रपटाचे मर्म तिच्यात आहे. तिला हवाई सुंदरी व्हायचे होते. ते साधत नाही असे दिसल्यावर बिस्किट मदतीला येतो, मदतीच्या बदल्यात माल नेण्याचे काम येते आणि ती पकडली जाते. तुरुंगातून तिला बाहेर काढणाराही बिस्किटच. त्या सुटकेची किंमत ती उरलेल्या आयुष्यातून फेडते आहे. जोकी हे सारे पाहत गप्प राहिला होता. लॉरीच्या प्रकरणात तो धडपडतो, त्याचे मूळ या जुन्या गप्प राहण्यात आहे. नोकरीचे किंवा शिक्षणाचे दार बंद झालेला, गुन्हेगारीचा वारसा नसलेला, इंग्रजी बोलणारा मध्यमवर्गीय माणूस एका फेरीपुरता या धंद्यात शिरतो आणि मग बाहेर पडू शकत नाही, अशी एकच गोष्ट या चित्रपटात दोनदा येते. पोस्टरवर मात्र पोलिस अधिकारी आहे.

वाहक आणि कायदा : माल नेणाऱ्याला पोलिसांच्या बोलीत ‘कुरिअर’ म्हणतात. कोशांत ‘वाहक’ हा शब्द रूढ आहे. अमली पदार्थविषयक १९८५ चा अधिनियम (बोलीत ‘एनडीपीएस’) मालाच्या वजनावर चालतो. २००१ मधील दुरुस्तीनंतर प्रत्येक पदार्थाचे ‘अल्प प्रमाण’ आणि ‘व्यापारी प्रमाण’ ठरलेले आहे. कोकेनसाठी ते अनुक्रमे २ ग्रॅम व १०० ग्रॅम, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, गांजासाठी १ किलो व २० किलो असे आहे. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान १ लाख रुपये दंड. माल कोणाचा, नफा कोणाचा, याला शिक्षेच्या या गणितात जागा नाही. १०० ग्रॅमहून थोडे अधिक कोकेन म्हणजे साबणाच्या एका वडीएवढे वजन. पाठपिशवीत ते सहज मावते आणि ती पिशवी ज्याच्या खांद्यावर, त्याच्यावर दहा वर्षे येतात.

कलम ३५ प्रमाणे आरोपीची गुन्हेगारी मनोवृत्ती गृहीत धरली जाते. ‘बॅगेत काय आहे हे मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार वाहकावर येतो. कलम ५४ ताब्यावरून गुन्ह्याचे अनुमान करू देते. कलम ३७ मुळे व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात जामीन देण्यापूर्वी, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. खटला उभा राहण्याआधीच खटल्याचे उत्तर मागण्यासारखे हे आहे. कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जावी, या हक्काची जाणीव आरोपीला करून द्यावी लागते. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग (१९९९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती अनिवार्य मानली. परंतु हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवन कुमार (२००५) या निकालानुसार हातातली बॅग म्हणजे ‘व्यक्ती’ नव्हे. त्यामुळे सामानातून माल नेणाऱ्या लॉरीसारख्या मुलाला या कलमाचा आधार मिळत नाही. तपास यंत्रणेपुढे कलम ६७ खाली दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही, हे तूफान सिंग प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले. म्हणजे चित्रपटानंतर साडेनऊ वर्षांनी.

चित्रपटाला दोन महिनेही पुरते झाले नव्हते, तेव्हा १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच अधिनियमातील कलम ३१-अ खालची अनिवार्य फाशी घटनाबाह्य ठरवली. मोठ्या प्रमाणाच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशीशिवाय पर्याय न ठेवणारे हे कलम न्यायालयाने ‘देता येईल’ अशा अर्थाने वाचावे असे सांगितले. संसदेने २०१४ च्या दुरुस्तीत तोच अर्थ शब्दांत आणला. चित्रपटाच्या परीक्षणांत आणि प्रदर्शनापूर्वीच्या वादात (पुढे पाहावे) या साऱ्याचा मागमूस नाही. नागपूरकर वाचकाला वाहक हा प्रकार समजण्यासाठी गोव्याला जाण्याचीही गरज नाही. आंध्र-ओडिशाकडून येणाऱ्या गाड्यांत गांजाच्या बॅगा सापडल्याच्या बातम्या येथील रेल्वे स्थानकावरून वर्षानुवर्षे येत आहेत. त्या बातम्यांत बॅग सापडते, कधी बॅगेजवळचा तरुण सापडतो आणि बातमी तेथेच संपते.

गोव्याची पार्श्वभूमी : गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात हणजूण (अंजुना) परिसरात पाश्चात्त्य हिप्पींची वस्ती वाढली. किनाऱ्यावरच्या पार्ट्या, पुढे ट्रान्स संगीत आणि त्याबरोबर अमली पदार्थ हा क्रम बहुतेक लेखक एकाच दमात सांगतात. या तिन्हींचा संबंध इतका सरळ आहे का, यावर मतभेद आहेत. मार्च २०१० मध्ये गोवा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षातील काही जणांवर तस्करांशी संगनमताचे आरोप होऊन कारवाई झाली आणि प्रकरण विधानसभेत गाजले. चित्रपट त्यानंतर वर्षभराने आला. दोहोंचा थेट संबंध जोडण्याचे येथे टाळले आहे.

वाद : चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधी त्याची झलक गोव्यात पोहोचली. झलकेत झोईच्या तोंडी एक वाक्य होते. गोव्यात दारू स्वस्त आहे आणि बायका त्याहून स्वस्त, असा त्याचा आशय. महिला संघटनांनी आणि तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या भारतीय जनता पक्षाने आक्षेप घेतला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठापुढे गेले (नागपूरप्रमाणेच हेही मुंबईचे खंडपीठ). निर्मात्यांनी ते वाक्य वगळले आणि चित्रपट ठरल्या दिवशी लागला.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अशी होती की, गोवेकर स्त्रीची पडद्यावरची प्रतिमा आधीच फ्रॉक आणि ग्लास यांत अडकलेली असताना हे वाक्य सबंध राज्याला चिकटेल. बचाव करणाऱ्यांचे म्हणणे असे की, वाक्य पात्राचे आहे, चित्रपटाचे नव्हे. शिवाय ते ज्या स्त्रीच्या तोंडी आहे, ती स्वतःच त्या बाजाराची बळी आहे. दुसरा मुद्दा खरा आहे, पण झलक कापणाऱ्यांनी तो विचारात घेतला नव्हता. संदर्भ तोडून वाक्य विकायचे आणि वाद झाल्यावर संदर्भाकडे बोट दाखवायचे, हे प्रसिद्धीचे तंत्र जुनेच आहे. वाक्य गेल्यामुळे चित्रपटातील गोव्याचे चित्र मात्र बदलले नाही. पोलिस, उद्योजक, परदेशी टोळ्या, पार्ट्या एवढ्यातच ते फिरते. शेती, खाण, कोकणी-मराठीचा प्रश्न किंवा गावचा जत्रोत्सव असलेला गोवा त्यात नाही. तो असावा अशी अपेक्षा गुन्हेपटाकडून करावी का, हा वेगळा प्रश्न. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री दिगंबर कामत यांचे आणि नायकाचे आडनाव एकच असणे हा योगायोग मानावा.

तुलनेसाठी : ‘उडता पंजाब’ (२०१६) या चित्रपटातही राज्याच्या नावाशी अमली पदार्थ जोडल्याचा आक्षेप होता. १३ जून २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एक काटछाट ठेवून तो प्रदर्शित करण्यास मोकळीक दिली. तेथे चित्रपटकर्ते भांडले, येथे त्यांनी वाक्य सोडून दिले. चित्रपट प्रमाणनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत अमली पदार्थांच्या व्यसनाचे समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्ये नसावीत असे म्हटले आहे. प्रदेशाच्या बदनामीविषयी त्यात असे थेट कलम नाही.

संगीत : शीर्षकगीताचे मूळ देव आनंद दिग्दर्शित ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटात आहे. काठमांडूतील हिप्पींच्या पार्श्वभूमीवरचा तो चित्रपट. झीनत अमानवर चित्रित झालेले ते गाणे आनंद बक्षी यांनी लिहिले, राहुल देव बर्मन यांनी स्वरबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायले. आशाबाईंना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात भाऊ बहिणीला व्यसनातून सोडवायला येतो. म्हणजे गाणे मोहक असले तरी कथा त्याच्या विरोधात उभी होती. २०११ च्या आवृत्तीत अनुष्का मनचंदा यांचा आवाज आणि दीपिका पदुकोण यांचे पाहुणे नृत्य आहे. नव्या शब्दांच्या सवंगपणावर टीका झाली. तीत तथ्य आहे : कथेशी गाण्याचे नाते जेमतेम आहे. इतर गाण्यांत ‘ते आमो’ (अॅश किंग, सुनिधी चौहान), ‘जाना है’ (झुबीन गर्ग) आणि ‘जियें क्यूँ’ (पापोन) ही उल्लेखनीय. शेवटचे सर्वांत टिकाऊ. ‘ठांय ठांय’मध्ये अभिषेक बच्चन यांचा स्वतःचा आवाज आहे.

लेखन : श्रीधर राघवन यांनी ‘सीआयडी’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी लेखन केले. ‘खाकी’ (२००४) आणि ‘ब्लफमास्टर’ (२००५) हे त्यांचे आधीचे चित्रपट. दिग्दर्शक श्रीराम राघवन हे त्यांचे बंधू. तीन पात्रांच्या तीन पूर्वकथा आधी मांडून मग त्यांना एका गाठीत बांधण्याची रचना येथे पूर्वार्धात चांगली साधली आहे. कामतचा भाग पुढे सरकतो तसा चित्रपट नेहमीच्या पाठलागपटाकडे वळतो. नायक शेवटपर्यंत तगत नाही आणि उरलेले काम जोकीकडे येते, ही मोठ्या कलावंताच्या हिंदी चित्रपटात धाडसाची गोष्ट होती. काही प्रेक्षकांना ती फसवणूक वाटली.

अभिनय : राणा दग्गुबाती यांचा हा पहिला हिंदी चित्रपट (तेलुगूत ‘लीडर’, २०१०). त्यांचे काम सर्वांत संयत. प्रतीक हे स्मिता पाटील यांचे चिरंजीव. भेदरलेल्या, घाम फुटलेल्या मुलाचे त्यांचे चित्रण विमानतळावरच्या प्रसंगात ठसते.

स्वागत : संमिश्र.

पुढील काळ : राणा दग्गुबाती २०१५ मध्ये ‘बाहुबली’तील भल्लालदेव म्हणून देशभर परिचित झाले. श्रीधर राघवन यांनी ‘वॉर’ (२०१९) आणि ‘पठान’ (२०२३) यांच्या पटकथा लिहिल्या. रोहन सिप्पी यांनी ‘नौटंकी साला’ (२०१३) हा चित्रपट केला आणि पुढे ‘क्रिमिनल जस्टिस’ या मालिकेच्या २०२० व २०२२ मधील पर्वांच्या दिग्दर्शनात भाग घेतला. त्या मालिकेचे मध्यवर्ती पात्र आरोपीचा वकील आहे.