होमपेजवरचा कब्जा

संगणकातील विषाणू काढण्याचा धंदा महाराष्ट्रात पुण्यात उभा राहिला, पण त्याचे एक मूळ सातारा जिल्ह्यात आहे. कारण तो नावारूपाला आणणारे कैलास आणि संजय काटकर हे बंधू मूळच्या याच जिल्ह्यातील कुटुंबातले. कैलास काटकर यांचे पुण्यात दुरुस्तीचे दुकान होते. तिथे येणाऱ्या संगणकांत विषाणू वारंवार सापडू लागल्यावर धाकट्या संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यास त्यांतूनच ‘क्विक हील’ बाजारात आले. त्या काळचा विषाणू फ्लॉपीवरून हातोहात पसरे आणि उघड नासधूस करी; ‘मायकेलअँजेलो’ तर 6 मार्च ही तारीख गाठून हार्ड डिस्कवरील माहिती पुसून टाकी.

एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने 2002 पासून संगणकाची ओळख गावोगावी पोचवली, तेव्हा उपद्रवाचे स्वरूप पालटू लागले होते. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्याच्याच पाटण तालुक्यातील कोयनानगर ही धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. कराडची बाजारपेठ तिथून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर, त्यामुळे दुरुस्तीचे दुकान गाठण्यापेक्षा घरच्या घरी उपाय शोधणे अशा ठिकाणी साहजिक ठरते. नवा उपद्रव म्हणजे ब्राउझर हायजॅकर, अर्थात ब्राउझरचे होमपेज आणि सर्च इंजिन परस्पर बदलून वापरकर्त्याला जाहिरातींच्या वाटेला लावणारा प्रोग्रॅम. 2003 च्या सुमारास ‘कूलवेबसर्च’ने तो जगभर कुप्रसिद्ध केला. प्रत्येक शोधातून मिळकत होत असल्याने त्याला संगणक चालूच हवा असतो. शिवाय तो अनेकदा संमतीने शिरे: फुकटचा व्हिडिओ प्लेअर बसवताना आधीच टिक केलेला चौकोन तसाच राही, आणि वापरकर्ता ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जाई. या कागदोपत्री संमतीमुळेच अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला ‘संभाव्य नकोसा प्रोग्रॅम’ अशा मवाळ वर्गात टाकले, आणि सामान्य माणसाचे खरे नुकसान या मवाळपणाने केले.

त्यावरचा उपाय वाचनाचा होता. नेदरलँड्समधील मेरिन बेलेकोम याने लिहिलेले ‘हायजॅकधिस’ काहीही आपोआप काढत नसे. ते संशयास्पद नोंदींची यादी पुढे ठेवी आणि निवड माणसावर सोडी. होमपेज बदलून दिले तरी संगणक पुन्हा सुरू करताच हायजॅकरचेच पान उघडते, ही हायजॅकरची सर्वांत ठळक खूण होय. अशा वेळी डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘टार्गेट’च्या रकान्यात, प्रोग्रॅमच्या नावापुढे, एक परका वेबपत्ता चिकटवलेला आढळू शकतो. तो खोडावा लागतो, अनोळखी एक्स्टेन्शन काढावे लागते, आणि ठरावीक वेळी तोच बदल पुन्हा करणारे ‘शेड्यूल्ड टास्क’ही शोधावे लागते, अन्यथा सारी मेहनत वाया जाते.

जून 2017 मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा हायजॅकर जगातील 25 कोटी संगणकांत असल्याचा अंदाज दिला व त्यांतील अडीच कोटींहून अधिक भारतातले मानले. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला ठरवला. गूगलने क्रोममधील सफाईचे साधन 2023 मध्ये बंद केले, तोवर जाहिरातवाल्यांना सोपी वाट सापडली होती: वेबसाइटला ‘नोटिफिकेशन’ची परवानगी एकदा मिळाली की काहीही न बसवता पडद्याच्या कोपऱ्यात खोटे इशारे झळकवता येतात, आणि ते थांबवण्यासाठी ब्राउझरच्या परवानग्यांच्या यादीतून त्या वेबसाइटचे नाव काढावे लागते.