शिगम्याआधीची शाकारणी : अंत्रुज महालातील घरांच्या निगेचा इतिहास

देवालय उभे राहिले, त्याचा जीर्णोद्धार झाला अथवा कलशारोहण झाले, की त्या प्रसंगाची शिळा बसविली जाते आणि पुढील पिढ्यांना साल व दात्यांची नावे कळतात. ज्या घरांतून त्या देवालयाला महाजन लाभले, त्या घरांच्या वार्षिक निगेची शिळा मात्र कोठेही नाही. फाल्गुन जवळ आला की छपरावरील नळे उतरत, भिंतींना चुना लागे, दारे-खिडक्यांना तेल चढे. काम नित्याचे, म्हणून ते कोणी लिहून ठेवले नाही. तथापि अंत्रुज महालातील जुनी घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती मुख्यतः या न लिहिलेल्या कामाच्या बळावर.

या महालाशी महाजन कुळांचा संबंध कसा जडला, हे सर्वश्रुत आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्ट व बारदेश येथील देवालये पाडली गेली, तेव्हा अनेक देवतांना खाडीपलीकडे आश्रय शोधावा लागला. श्रीमंगेश कुशस्थळीहून १५६० साली प्रियोळच्या परिसरात आले; श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, तर श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. आज दिसणारी भव्य देवालये पुष्कळ नंतरची. कवळ्याच्या देवालयाची उभारणी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १७३८ च्या सुमारास झाली. फोंडे प्रांत १७६३ साली सौंदेकरांकडून पोर्तुगिजांच्या हाती गेला, परंतु तोवर धर्मच्छळाचा पूर्वीचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतील हिंदूंचे रीतिरिवाज राखले गेले. देवालये स्थिरावली, तशी त्यांच्या आसपासची घरेही स्थिरावली. वसरी, माजघर, कोठार, देवघर आणि मध्यभागी आकाशाला उघडे असलेले राजांगण, अशी त्यांची रचना.

अशा घराचा खरा शत्रू पाऊस. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणून घराची निगा वसंत ऋतूतच व्हावयाची. भाताची कापणी-मळणी आटोपून माणसे मोकळी झालेली असत, उन्हाने लाकूड व भिंती कोरड्या ठणठणीत झालेल्या असत आणि पहिल्या वळवाला अवकाश असे. शिवाय शिगम्याचे मेळ आंगणात यावयाचे, पुढे चैत्रात संवसार पाडवा यावयाचा; त्यापूर्वी घर स्वच्छ दिसावे ही भावना होतीच. सणाचे निमित्त आणि हवामानाची निकड यांची अशी सांगड पूर्वजांनी घातली होती.

कामाचा आरंभ छपरापासून होई. जुने छप्पर अर्धगोल नळ्यांचे. खालची ओळ उताणी, तिच्यातून पाणी वाही; वरची ओळ पालथी, ती सांधा झाकी. हे नळे खिळ्याने जखडलेले नसत. माकडे, मांजरे, वारा आणि वरून पडणारे नारळ यांनी ते जागचे हलत. पाचोळा अडकून पाण्याची वाट तुंबे. म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंत नळे उतरवून झाडावयाचे, फुटके वेगळे काढावयाचे आणि पुन्हा ओळीने बसवावयाचे. हीच शाकारणी. तिचा खरा लाभ नळे बदलण्याहून मोठा होता. नळे उतरले की वासे व रिपा उघड्या पडत, आणि कोठे वाळवी लागली, कोणता वासा कुजला, हे वर्षातून एकदा डोळ्यांना दिसे. रोग कळला की उपचार स्वस्तात होई. एक वासा बदलण्याचे काम दुर्लक्षाने अख्खे पाखे बदलण्यावर जात असे.

भिंतींचे तसेच. आपल्याकडील चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत तो घट्ट होतो. परंतु उघडा राहिला तर पावसाच्या माऱ्याने झिजतो. चिऱ्यांचे सांधे अनेक घरांत मातीचेच असत. त्यांचे रक्षण करी तो चुना. नदीखाडीतील शिंपले भट्टीत भाजून तो तयार होई. भाजलेली कळी पाण्यात विरवून मुरत ठेवीत. चुन्याच्या गिलाव्याचा गुण असा, की भिंतीत शिरलेली ओल तो कोंडून ठेवीत नाही, उन्हाळ्यात बाहेर पडू देतो. पावसाची झड ज्या अंगाने येते त्या बाजूला भिजवून विणलेल्या चुडतांच्या ताट्या बांधीत, त्यांची विणाईही याच दिवसांत होई. दारे, खांब व वासे यांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचे काळे तेल चोपडीत. खिडक्यांच्या शिंपल्यांच्या तावदानांतील सुटलेली पाती नीट बसवीत. राजांगणाची मोरी उपसून ठेवणे हे काम दिसण्यात क्षुल्लक, परंतु ती तुंबली तर साऱ्या छपराचे पाणी माजघरात शिरण्याची भीती.

भुई सारवणे आणि तुळशीवृंदावन रंगविणे ही कामे घरातील स्त्रियांची. या तुळशीलाही इतिहास आहे. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांना घराआंगणात तुळस ठेवण्याची बंदी केली आणि असलेल्या तुळशी उपटण्याचा हुकूम काढला. ज्या रोपाला सत्तेने इतके महत्त्व दिले, त्याच्या वृंदावनाला दर वर्षी चुन्याचा हात देणे हे केवळ शोभेचे काम नव्हते.

हा सारा भार कोणी वाहिला, हेही निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. छपरावर चढणारे, चिरे वाहणारे, ताट्या विणणारे हात पुष्कळदा घरमालकाचे नसून त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकारांचे असत, आणि ती सेवा अनेक ठिकाणी मोबदल्याविना घेतली जाई. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्यांच्या घरांना संरक्षण मिळाले, हे न्याय्यच झाले. मात्र ज्या घरांची निगा दुसऱ्याच्या फुकट श्रमांवर अवलंबून होती, तेथे त्यानंतर नळे उतरविण्यास कोणी उरले नाही.

तत्पूर्वीच काही बदल घडून आले होते. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौले हळूहळू गोव्यातील छपरांवर आली. ती खाचेत खाच बसणारी, म्हणून दर वर्षी उतरविण्याची गरज राहिली नाही. श्रम वाचले, पण त्याबरोबर छप्पर उघडून पाहण्याची सवयही गेली. पुढे चुन्याच्या जागी सिमेंट आले. सिमेंटचा कठीण थर चिऱ्यातील ओल आत कोंडतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते, हे पुष्कळांना गिलावा सुटल्यावरच कळले.

सर्वांत मोठा बदल मालकीचा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या, तरी मुलगे व मुली यांना सारखा वाटा हे तत्त्व येथील समाजात रुजले. २०१२ च्या कायद्याने, जो २०१६ पासून अंमलात आला, वारसा व इन्व्हेंतार यांचे नियम नव्याने मांडले. समान वाट्याचे तत्त्व कायम राहिले. तत्त्व निःसंशय चांगले आहे. परंतु इन्व्हेंतार न होता दोन-तीन पिढ्या गेल्या, की एका घराला अनेक वाटेकरी होतात. कोणी मुंबईस, कोणी परदेशात. घर सर्वांचे आणि फुटलेले कौल कोणाचेच नाही, अशी स्थिती येते. कुलूप लावलेल्या घरात त्या एका कौलातून पाणी शिरते, वासा कुजतो, भिंतीचा माथा भिजतो, सांध्यातील माती वाहून जाते आणि काही पावसाळ्यांत भिंत बसते. न्यायालयात वाटणीचा दावा चालू असतो आणि वाटून घ्यावयाचे घरच नाहीसे होते.

येथे महाजनांनी स्वतःच्या देवालयाकडे पाहावे. तेही अनेक कुळांचे, दूरदूर पांगलेल्या कुटुंबांचे. तरी ते पडत नाही. कारण माझानीचा कारभार नियमाने बांधलेला आहे. १८८६ च्या आणि पुढे १९३३ च्या नियमावलीने महाजनांची समिती, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार, वार्षिक अंदाजपत्रक आणि हिशेब यांची घडी घालून दिली. प्रत्येक खर्चाला जबाबदार माणूस आहे, म्हणून देवालयाची गळती पावसाआधी बंद होते. वाटेकऱ्यांच्या घरालाही एवढीच व्यवस्था पुरे : एक मुखत्यार, सर्वांची वर्गणी, एक वही, आणि शिगम्यापूर्वीचा एक ठरलेला दिवस.

जत्रेला वा शिगम्याला महाजन कुटुंबे गावी येतातच. देवदर्शन झाल्यावर घराचे कुलूप उघडून, भर उन्हाच्या वेळी माजघरात उभे राहून वर पाहावे. कौल जेथे सरकले असेल तेथून उन्हाचा कवडसा आत येतो. तो फाल्गुनात दिसला तर एका कौलाचे काम असते. आषाढात त्याच जागेतून पाणी येते.