हृदयात डोकावताना

जन्मतःच हृदयात दोष असलेल्या बाळाला नक्की काय झालं होतं, हे शंभरेक वर्षांपूर्वी डॉक्टरांना बहुधा कळायचं ते बाळ गेल्यावरच.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने मॉड अ‍ॅबट यांना, केवळ बाई म्हणून, वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश नाकारला होता. पुढे त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथली बरण्यांमधली हृदयं अभ्यासता अभ्यासता त्यांनी १९३६ साली १००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला जन्मजात हृदयदोषांचा अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. नकाशा तयार झाला, पण तो बराचसा शवविच्छेदनाच्या टेबलावर!

जिवंत बाळाच्या छातीत डोकावायची धडपड केली बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग यांनी. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या हाताच्या स्पर्शाने हृदयाची धडधड जोखत. फ्लुरोस्कोपच्या पडद्यावर दिसायची ती नुसती सावली. त्या सावलीवरून आणि बाळांच्या प्रकृतीवरून त्यांनी ताडलं, की काही 'निळ्या' बाळांच्या फुप्फुसांना रक्तच कमी पोचतंय. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी अशा एका बाळावर शस्त्रक्रिया केली. तिचं तंत्र प्रयोगशाळेत बसवणारे व्हिव्हियन थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते.

एकदा शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर मात्र अंदाज पुरेना. कुठली रक्तवाहिनी कुठून निघते, किती अरुंद आहे, हे कापण्याआधी कळायला हवं. मग रक्तवाहिनीतून थेट हृदयात नळी सरकवून, रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढणं आलं. चित्र छान मिळे, पण चिमुकल्या बाळाला ते सोसावं लागे. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय टिपलं. आजही पहिली तपासणी त्याच वंशातली, म्हणजे इकोची. पण फुप्फुसांतल्या हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, त्यामुळे काही वाहिन्या आडच राहतात.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन केला, तो मेंदूचा. डोकं स्थिर ठेवता येतं! एकेका कापाला काही मिनिटं लागायची; तेवढ्यात बाळाचं हृदय शेकडो वेळा धडधडणार. हृदयाला गाठायला सीटीला पुढची तीसेक वर्षं पळावं लागलं. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली, २००४ च्या सुमारास चौसष्ट. ईसीजीशी ताल जुळवून ठोक्यातला नेमका क्षण पकडता येऊ लागला. महाधमनीचं आकुंचन, श्वासनलिकेभोवती वेढा घालणारी वाहिनी, भलतीकडेच जोडलेल्या फुप्फुसशिरा... सगळं संगणकावर फिरवून पाहता येतं. नव्या यंत्रांत बाळाच्या छातीचा स्कॅन सेकंदाच्या आत होतो. पुष्कळदा भूलही लागत नाही.

मग आता सगळं दिसतं म्हणायचं? नाही. हृदयातला दाब मोजायला अजून नळीच लागते. आणि सीटीत क्ष-किरण असतात. वाढत्या पेशी त्यांना जास्त हळव्या, समोर अख्खं आयुष्य, आणि अशा मुलांची तपासणी एकदाच होऊन भागत नाही. २००१ साली लहान मुलांच्या सीटीतून पुढे संभवणाऱ्या कर्करोगाचे अंदाज प्रसिद्ध झाले आणि डॉक्टर सावध झाले. मोठ्यांसाठी ठरवलेली मात्रा मुलांनाही देणं हळूहळू चुकीचं मानलं जाऊ लागलं. व्होल्टेज कमी झालं, स्कॅनचा भाग आखला जाऊ लागला.

मला या इतिहासातला हा शेवटचा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो. आधीची सगळी धडपड 'अजून स्पष्ट कसं दिसेल' यासाठी होती. आता बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवणारा तंत्रज्ञ विचारतो, की कितपत स्पष्ट दिसलं तरी शल्यविशारदाचं काम भागेल? चित्र थोडं दाणेदार आलं तरी चालेल. अ‍ॅबटबाईंच्या टेबलावरच्या बाळांना हा प्रश्न लागूच नव्हता. पुढे जगायचं आहे, मोठं व्हायचं आहे, अशा बाळाबद्दलच तो विचारावा लागतो.