पिठाचे पंजे

माझे आजोबा दौंडला रेल्वेत होते. मोठे हसू आले की ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवीत, आणि मगच पोट धरून हसत. ही तऱ्हा कुठून आली, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अरे, तंबूत मागचा माणूस ओरडायचा ना, टोपी काढा म्हणून!"

तंबू म्हणजे फिरत्या सिनेमाचा. दौंडला सामान आगगाडीने उतरे. शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, रेल्वे नाही, तेथे ते बैलगाडीने जाई. यंत्र हाताने फिरवायचे. चालकाने हात जरा जोरात चालविला की पडद्यावरची माणसे तुरुतुरु धावू लागत, आणि पडणारा माणूस दुप्पट वेगाने पडे. मुक्या विनोदाचे अर्धे मर्म या वेगात होते. उरलेले अर्धे, दुसऱ्याच्या फजितीत आपल्याला होणाऱ्या आनंदात.

हा आनंद सिनेमाइतकाच जुना. 1895 साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी जे पहिले पट दाखविले, त्यांत माळ्याच्या नळीवर पाय देऊन त्यालाच भिजविणारा एक वात्रट पोरगा होता. आपल्याकडे 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हाही सत्त्वपरीक्षेच्या जोडीला नाच, पायांनी कसरत करणारा कलाकार आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' असा फराळ जाहिरातीत मांडलेला होता. प्रेक्षकाला रडवायचे तर आधी हसवावे, हे दादासाहेब फाळक्यांनी नेमके ओळखले होते. 1914 च्या आरंभी 'मोहिनी भस्मासुर' आला, तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर स्वतःच काढलेला एक छोटा विनोदीपट जोडला. त्याचे नाव 'पिठाचे पंजे'. चार्ली चॅप्लिन पडद्यावर प्रथम दिसला तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत! म्हणजे चार्लीची काठी आपल्याकडे पोचण्यापूर्वीच मराठी माणसाचे हात पिठात बुडाले होते.

आणि त्यात नवल ते काय? आमच्या मुलखाला धडपडीचा विनोद कुणी शिकवायचा? तमाशातला सोंगाड्या आणि गौळणीतली, मिशा लपविता न येणारी मावशी घोडनदीच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली. फाळक्यांच्या पटात तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुषच. पडद्यावरचा पुरुष लुगडे सावरताना दिसला, तर तंबूतल्या माणसाला तो घरचाच वाटला असला पाहिजे.

आजोबांना मात्र एकच आठवत होते : पिठाने माखलेला एक माणूस आणि त्याच्या मागे धावणारी गर्दी. पटाचे नाव आठवत नव्हते. एवढ्यावरून तो फाळक्यांचाच पट होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही; तोंडावर पीठ उधळणे हा त्या काळच्या सगळ्याच विनोदीपटांचा धंदा होता. ताडून पाहावे, तर त्या काळचे बहुतेक पट आज उरलेले नाहीत. जुनी फिल्म ज्वालाग्राही होती. कित्येक पट जळाले, कित्येक आतल्या चांदीसाठी वितळविले गेले. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायरांनी फाळक्यांचे हाती लागतील ते तुकडे जपले, म्हणून 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्णाचा खोडकरपणा आपण पाहू तरी शकतो. देवाच्या खोड्या राहिल्या; माणसाची फजिती बरीचशी गेली.

पुढे मी लहान असताना शिरूरच्या तंबूत आजोबांनी मला चार्लीचा एक जुना पट दाखविला. चार्ली घसरून पडला. मी पडद्याकडे पाहण्याऐवजी त्यांच्याकडे पाहिले. टोपी मांडीवर होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते नक्की चार्लीला हसत होते की पिठातल्या त्या माणसाला, हे मी विचारले नाही.

ते विचारायला हवे होते. इतिहासाची साधने अशीच हातची जातात.