रबर-व्यवसाय, चिनी कौटुंबिक (मलाया व सिंगापूर)

मलाया-सिंगापूरमध्ये स्थलांतरित चिनी, विशेषतः हॉक्कियन, घराण्यांनी पिढ्यानुपिढ्या चालविलेला रबराच्या लागवडीचा, प्रक्रियेचा व निर्यातीचा व्यवसाय (→ रबर, सिंगापूर).

फूज्यान प्रांतातून 1890 मध्ये सिंगापूरला आलेले तान का की (1874–1961) यांनी 1906 मध्ये अननसाच्या मळ्यात रबराची रोपे लावली. पुढे गिरण्या व रबरी पादत्राणांचे कारखाने उभे राहिले. जागतिक महामंदीत भाव कोसळल्याने 1934 मध्ये त्यांची कंपनी बंद पडली.

मोठे मळे बहुतांशी यूरोपीय कंपन्यांकडे होते. चिनी व्यापाऱ्यांची खरी ताकद खरेदीच्या जाळ्यात होती : लहान बागायतदारांकडून कच्चे रबर घ्यायचे, ते धुरी देऊन वाळवायचे, प्रतवारी करून निर्यात करायचे. उधारी व नोकरभरती नातेसंबंध आणि समान बोली यांच्या विश्वासावर चाले.

वारसा नेहमी मुलाकडेच गेला असे नाही, ही या परंपरेतील विशेष लक्षणीय बाब होय. तान यांचे जावई ली कोंग च्यान (1893–1967) सासऱ्यांच्या पेढीत तयार झाले, 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतंत्र ‘ली रबर’ स्थापिली आणि ती मंदीतही टिकली. पुढे त्यांच्या मुलांनी कारभार सांभाळला.

रबराच्या नफ्यातून शामेन विद्यापीठ (1921) व ली प्रतिष्ठान (1952) उभे राहिले (→ महामंदी).