सुईण पॅटी सेशन्स

अमेरिकेतल्या यूटा राज्यात 24 जुलैला सुटी असते. 1847 साली त्या दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. मला मात्र मॉर्मनांचं ते स्थलांतर समजलं ते एका सुइणीच्या रोजनिशीतून; ती तिथे त्याच्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 24 सप्टेंबरला उतरली.

पॅटी मेन राज्यातली, जन्म 1795चा. सतराव्या वर्षी लग्न झालं. सासू सुईणपण करायची, पण संधिवाताने तिचे पाय आखडलेले. एकदा अडलेल्या बाईकडून बोलावणं आलं, तेव्हा सासू मागे राहिली, ही पुढे धावली आणि म्हातारी पोचेपर्यंत बाळ जन्मलंही होतं. तिथून पुढे आयुष्यभर हेच काम.

1834 मध्ये ती मॉर्मन झाली. मिझुरीतून मॉर्मनांना हाकललं गेलं, मग नॉवू गावात घर बसलं. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथच्या खुनानंतर तेही सोडावं लागलं. फेब्रुवारी 1846 मध्ये, ऐन थंडीत, माणसं मिसिसिपी ओलांडू लागली. बाळंतपणं काही मुक्कामाची वाट पाहत नाहीत. तंबूत, गाडीत, पावसाचिखलात बायका बाळंत होत होत्या आणि पन्नाशी ओलांडलेली पॅटी रात्री-अपरात्री त्यांच्याकडे जात होती. हवा, कापलेलं अंतर, कुणाला मुलगा, कुणाला मुलगी, हे सगळं ती दोन-तीन ओळींत उरकते. पुढे चार बैलांची गाडी तिने मिझुरी नदीपासून खोऱ्यापर्यंत, सुमारे सोळाशे किलोमीटर, स्वतः हाकत नेली. पोचल्यावर दोनच दिवसांत नव्या वस्तीतलं एक बाळंतपण तिच्या हातून झालं.

नवऱ्याने दुसरी बायको केली, त्या दिवसांबद्दल लिहिताना मात्र हा आटोपशीरपणा टिकत नाही. सवतीशी झालेलं भांडण आणि रात्रीचं रडणं तिने लपवलं नाही. बहुपत्नीकत्वाचं समर्थन करणाऱ्या मॉर्मन प्रवचनांपेक्षा मला या ओळी अधिक विश्वासार्ह वाटतात. ज्या खोऱ्याला हे लोक आपलं वचनदत्त घर मानत होते, तिथे यूट आणि शोशोनी हे मूळनिवासी लोक आधीपासून वावरत होते, हेही वाचताना विसरता येत नाही.

तिने तिथे फळबाग उभी केली, 1892 मध्ये 97व्या वर्षी गेली. तिच्या हातून 3,977 बाळंतपणं झाल्याचं सांगतात. तिच्या रोजनिश्या छापून आल्या आहेत. मॉर्मनांबद्दल एकच पुस्तक वाचणार असाल, तर पुढाऱ्यांची चरित्रं बाजूला ठेवा आणि या रोजनिश्या वाचा.