वऱ्हाड आणि कराची : विवाह, परवाना आणि प्रतीक्षा (१९४८ ते २०२५)

प्रस्तावना

फाळणी हा पंजाब, बंगाल आणि सिंध या प्रांतांचा विषय असून वऱ्हाडाचा तिच्याशी संबंध केवळ निर्वासितांच्या छावण्यांपुरता आहे, असा समज आपल्याकडील प्रादेशिक इतिहासलेखनात रूढ झालेला दिसतो. अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प व कंवरनगर या वसाहतींचा उल्लेख आला की लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु ज्या काळात सिंधमधून हिंदू कुटुंबे वऱ्हाडात येत होती, त्याच काळात वऱ्हाड व मध्यप्रांतातील काही मुस्लिम कुटुंबे कराचीकडे जात होती. कराचीत सी. पी. अँड बेरार या नावाची सहकारी गृहनिर्माण वसाहत आहे. आपल्या प्रांताचे नाव १९५० नंतर नकाशावरून पुसले गेले, ते त्या शहराने जपून ठेवले, ही गोष्ट येथील फार थोड्यांना ठाऊक असते.

जाणारे गेले, राहणारे राहिले. परंतु नातेसंबंध मात्र उभय बाजूंनी टिकून राहिले आणि त्या नात्यांतून विवाहही होत राहिले. पती एका देशात आणि पत्नी दुसऱ्या देशात, मध्ये शासनाची परवानगी, अशा या विवाहांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या दांपत्यांच्या वाट्यास आलेला विलंब हा प्रशासकीय दिरंगाईचा भाग होता, असे सामान्यतः मानले जाते. तो भाग त्यात होताच. तथापि कायद्यांचा क्रम पाहिला असता विलंब हा या व्यवस्थेचा दोष नसून तिचे कार्यच होते, असे म्हणावे लागते.

परवान्याचा काळ

१९४७ च्या ऑगस्टमध्ये सीमा आखली गेली, पण ती ओलांडण्यासाठी कागद लागत नव्हता. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी भारताने १९ जुलै १९४८ पासून परवाना पद्धती अमलात आणली. त्याच वर्षी पाकिस्ताननेही आपला अध्यादेश काढला. परवान्याचे प्रकार होते. त्यांपैकी तात्पुरत्या भेटीचा परवाना आणि कायमच्या पुनरागमनाचा परवाना यांतील भेद पुढे अनेकांच्या आयुष्याचा भेद ठरला. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात हीच १९ जुलै १९४८ ही तारीख आली. सातव्या अनुच्छेदाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिकत्व नाकारले. अपवाद केवळ पुनर्वसनाच्या अथवा कायमच्या पुनरागमनाच्या परवान्यावर परतलेल्यांचा.

त्या धामधुमीत एखादी स्त्री भावाकडे अथवा आजारी आईकडे कराचीस गेली आणि पती मात्र गावीच राहिला, तर तिचे काय? हिंदुस्थानातील प्रचलित विधिकल्पनेनुसार पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासामागे जातो. बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंह या खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयासमोर हाच युक्तिवाद झाला. संबंधित स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीस गेली होती आणि त्या वर्षअखेरीस तात्पुरत्या परवान्यावर परतली होती. सातव्या अनुच्छेदापुढे पतीच्या अधिवासाचा आधार टिकत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. घरात पत्नीला पतीची छाया मानणारा समाज आणि सीमेवर तिला स्वतंत्र स्थलांतरित मानणारे राज्य, यांतील विसंगती येथे प्रथम उघड झाली. एरवी स्त्रीच्या स्वतंत्र व्यक्तित्वाची मान्यता आपण प्रागतिक मानू. येथे ती तिच्या विरोधात वापरली गेली.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याची जागा पारपत्र व व्हिसा यांनी घेतली. या बदलाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. तोवर कराचीत नोकरीसाठी राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाने आपले नागरिकत्व मनोमन ठरविलेले असेलच असे नव्हते. पत्नीला भेटावयास यावयाचे तर पारपत्र हवे, आणि कराचीत मिळणारे पारपत्र पाकिस्तानचे. ते घेतले की भेट होई, पण त्याच कागदाने तो परका ठरे. १९५६ च्या नागरिकत्व नियमांनी परदेशी पारपत्र हा परकीय नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा मानला आणि इझहार अहमद खान खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरविला. भेटीची किंमत नागरिकत्वाने चुकविण्याचा हा प्रकार होता.

वऱ्हाडाच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पाकिस्तानी पारपत्रावर मे १९५६ मध्ये आलेले एक पती-पत्नी व्हिसाची मुदत संपल्यावरही तेथेच राहिले आणि त्या दोघांवर परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २६ जानेवारी १९५० नंतरच्या स्थलांतरास सातवा अनुच्छेद लागू होत नाही आणि नागरिकत्व गेले किंवा कसे हे ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे, असे १९६२ मध्ये स्पष्ट झाले. निकाल महत्त्वाचा खराच. पण मुदत संपल्यापासून निकालापर्यंतची वर्षे त्या दांपत्याने कोणत्या दर्जाने काढली, या प्रश्नाला विधिग्रंथांत उत्तर नाही. येथे हेही लक्षात घ्यावयास हवे की १९५७ पर्यंत परकीय नागरिक कायद्याच्या व्याख्येत पाकिस्तानी नागरिक 'परकीय' नव्हताच. १९ जानेवारी १९५७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो परकीय झाला. नाते तेच राहिले, शब्द बदलला.

वऱ्हाडातील अर्जदारांची आणखी एक अडचण होती. १९५६ पर्यंत येथील प्रकरणे मध्यप्रदेशाची राजधानी म्हणून नागपूरला जात. नोव्हेंबर १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. नागपूरच्या सचिवालयाची वाट अकोल्याच्या माणसास परिचित होती, मुंबईची तितकीशी नव्हती.

सून आणि जावई

या सर्व इतिहासात लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे विवाहाकडे पाहण्याची कायद्याची एकदिशा दृष्टी. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ५ (१) (ग) नुसार भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व मिळू शकत होते. पुरुषांचा उल्लेखच नव्हता. पाकिस्तानच्या १९५१ च्या कायद्यातही परदेशी पत्नीला हा हक्क होता, परदेशी पतीला नव्हता. म्हणजे दोन्ही शासने एका मुद्द्यावर एकमताची होती : मुलगी सासरी जाते. कराचीची मुलगी अकोल्यास नांदावयास आली तर तिला वाट होती; अकोल्याच्या मुलीचा कराचीचा नवरा येथे येऊन राहू इच्छीत असेल तर त्याच्यासाठी दार नव्हते. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' या जागी 'व्यक्ती' हा शब्द आला, पण त्याबरोबरच पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची केली. समानता आली ती प्रतीक्षा वाढवून आली, हे नोंदविणे अगत्याचे आहे.

सात वर्षे वास्तव्य करावयाचे तर त्या सात वर्षांचा व्हिसा हवा. येथेच दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा, म्हणजे जिल्ह्यातील बोलीभाषेत 'एलटीव्ही'चा, प्रश्न येतो. नवविवाहिता सामान्यतः भेटीच्या व्हिसावर येई. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातील परकीय नागरिक शाखेत नोंद करणे, व्हिसात लिहिलेल्या गावांखेरीज अन्यत्र न जाणे, मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज करणे, हा तिच्या संसाराचा आरंभ. अमरावतीच्या व्हिसावर आलेल्या वधूला परतवाड्याच्या नणंदेकडील बारशाला जाण्यासही परवानगीचा विचार करावा लागे. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी पात्र ठरणाऱ्या वर्गांत भारतीयाशी विवाह केलेल्या पाकिस्तानी स्त्रिया आहेत, पाकिस्तानातील अल्पसंख्य आहेत, आणि एक तिसरा वर्ग आहे ज्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही : पाकिस्तानात विवाह झालेल्या, तेथील पारपत्र घेतलेल्या आणि वैधव्य किंवा घटस्फोटानंतर, तेथे आधार देणारा पुरुष नसल्याने, भारतातील माहेरी परतणाऱ्या स्त्रिया. जन्म येथला, भाषा येथली, आणि परत येताना दर्जा परकीयाचा. पुरुषाच्या आधाराची ही अट वाचताना शासनाच्या परिपत्रकात स्मृतिग्रंथांचे वळण दिसते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

वाट पाहण्याची साधने

प्रतीक्षेचे व्यवहार कसे चालत, हा सामाजिक इतिहासाचा खरा विषय आहे. पहिले साधन पत्र. परंतु १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी दळणवळणच तोडले. १९६५ मध्ये मुनाबाव-खोखरापार हा सिंधकडे जाणारा लोहमार्ग बंद पडला, तो पुन्हा सुरू होण्यास फेब्रुवारी २००६ उजाडावे लागले. डिसेंबर १९७१ मध्ये राजनैतिक संबंध तुटले. १४ सप्टेंबर १९७४ रोजी व्हिसाविषयक करार झाला, पण दूतावास आणि समझौता एक्सप्रेस सुरू झाली ती १९७६ मध्ये. या साडेचार वर्षांत ज्यांचा विवाह ठरलेला होता त्यांनी थांबावयाचे, आणि ज्यांचा झालेला होता त्यांनीही थांबावयाचे, असेच घडले. पुढे दूरध्वनीवरून निकाह लावण्याची पद्धत रुळली. काही कुटुंबे दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी भेटत. हजयात्रेचेही निमित्त होई. सिंधी कुटुंबांत एकाच भेटीत अनेक कार्ये उरकण्याची चाल पडली : साखरपुडा, लग्न आणि आजोबांच्या अस्थींचे विसर्जन एकाच व्हिसात.

अंतराचाही विचार करावयास हवा. कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ च्या अखेरीस बंद झाला आणि कराचीच्या अर्जदाराला इस्लामाबादवर अवलंबून राहावे लागले. इकडे पाकिस्तानी पारपत्राची मुदत वाढविण्यासाठी वऱ्हाडातील सुनेला दिल्लीस, रेल्वेने हजाराहून अधिक किलोमीटर, जावे लागे. मुदत संपलेले पारपत्र असेल तर व्हिसावाढ अडे. व्हिसाच नसेल तर वास्तव्याची सलगता तुटे. सलगता तुटली की सात वर्षांच्या मोजणीत अडचण येई. एका कागदाचा विलंब दुसऱ्या कागदात असा मिसळत जाई.

८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबाद येथे झालेल्या नव्या करारात प्रथमच पती अथवा पत्नी असा स्वतंत्र विचार झाला. दुसऱ्या देशातील नागरिकाशी विवाह केलेल्यांना, ६५ वर्षांवरील वृद्धांना आणि पालकांसोबतच्या १२ वर्षांखालील मुलांना दोन वर्षांपर्यंत, अनेक प्रवेशांचा, पाच ठिकाणांसाठीचा व्हिसा देता येईल, अशी तरतूद होती. 'देता येईल' या क्रियापदात करार थांबतो.

दोन रांगा

सिंधी आणि मुस्लिम कुटुंबांची प्रतीक्षा दीर्घकाळ एकाच कार्यालयाच्या एकाच बाकावर बसून चालली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या कागदांत फारसा फरक नव्हता. एकविसाव्या शतकात रांगा वेगळ्या झाल्या. २०१६ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील पाकिस्तानी अल्पसंख्यांना बँकेत खाते उघडणे, राहण्यापुरते घर घेणे, वाहनचालक परवाना मिळविणे या सवलती मिळाल्या. त्याच वर्षअखेरीस नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातील १६ जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे जिल्हे त्यांत होते. अमरावती आणि अकोला नव्हते. येथील सिंधी अर्जदाराची फाईल राज्याच्या गृहसचिवांकडे मुंबईस जाणार, आणि नागपूरच्या नातेवाइकाची त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने आणि ११ मार्च २०२४ च्या नियमांनी ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्या अल्पसंख्यांची वाट सुकर झाली. परंतु त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सिंधी सुनेला या तारखेचा उपयोग नाही. तिच्यासाठी तेच जुने कलम, तीच सात वर्षे. आणि मुस्लिम सुनेसाठीही तीच. दोन रांगा येथे पुन्हा एक होतात, ही बाब राजकीय वादात हरवून जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता आणि थर या दोन्ही गाड्या थांबल्या. पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द करण्यात आले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. हल्ल्याची भीषणता आणि शासनाची सुरक्षेची जबाबदारी यांविषयी दुमत संभवत नाही. पण अटारीच्या फाटकावर त्या आठवड्यात आईचे पारपत्र एका देशाचे आणि मुलाचे दुसऱ्या देशाचे, म्हणून वेगळी झालेली कुटुंबे सर्वांनी पाहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. ज्या दोन कायद्यांच्या आधारे वऱ्हाडातील या सुनांची नोंद कित्येक दशके होत राहिली, ते आता इतिहासजमा झाले आहेत. त्यांच्याखालील जिल्हा पातळीवरील नोंदवह्या, मुदतवाढीचे अर्ज आणि त्यांवरील शेरे यांचा अभ्यास वऱ्हाडात अद्याप व्हावयाचा आहे. आणि ज्यांनी ते अर्ज स्वतःच्या हाताने लिहिले अशा पहिल्या पिढीतील स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत.